घाटातील एकटा स्वार

बेळगावहून जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरून साखळीस जाणारा रस्ता मोठा रमणीय. कणकुंबीस मलप्रभेचा उगम. भोवती सह्याद्रीची दाट वनराई. मोटरसायकलवरून एकट्यानेच दिवसभर येथे हिंडण्याचा मोह तरुणांस पडावा, यात नवल ते काय? मात्र उतरणीस गाडी खालच्या गिअरात ठेवावी; सतत दाबून धरलेला ब्रेक तापून त्याचा जोर ओसरतो. अरुंद जागी चढणाऱ्या वाहनास आधी वाट द्यावी, असा २०१७ चा नियमच आहे. शिरस्त्राण तर हवेच. एकटा स्वार वळणावर घसरला, तर हाकेला ओ देणारा सोबती नसतो. म्हणून निघतानाच मार्ग व परतण्याची वेळ घरी सांगून ठेवावी. दिवेलागणीपूर्वी उंबरठ्याशी सुखरूप परतणे, हीच सहलीची खरी सांगता होय.