लस कुत्र्याला, जीव कोल्ह्याचा

भिवंडीजवळच्या पूर्णा-काल्हेरच्या गोदामांत रात्रपाळीचे वॉचमन मोबाईलवर आफ्रिकेतले सिंह बघत जागतात. रेड्यांच्या कळपावर झेप, तरसांशी मारामारी, पुन्हा रेडे. या व्हिडिओंत सिंहाला हरवतो तो दुसरा सिंह, नाहीतर बंदूकवाला माणूस. पण 1994 साली टांझानियाच्या सेरेंगेटीत जे घडलं, त्यात दोघंही नव्हते. धडधाकट सिंह झटके येऊन कोसळत होते. काही महिन्यांत तिथल्या सुमारे 3,000 सिंहांपैकी 1,000 गेले. बिबटे, तरस, मोठ्या कानांचे खोकड यांनाही झळ लागली. तपासात निघालं ते कॅनाइन डिस्टेंपर. माणसाच्या गोवराच्या विषाणूचा हा भाऊबंद, आणि मुळात कुत्र्यांचा रोग.

उद्यानाभोवतीच्या गावांत कुत्रे हजारोंनी होते. ते काही सिंहांच्या पंगतीला जाऊन बसले नव्हते. पण तरस गावच्या उकिरड्यावरही येतो आणि रात्रीतून मैलोनमैल चालून सिंहाच्या शिकारीवरही डल्ला मारतो. रोग बहुधा त्याच्यासोबत गेला, असा अभ्यासकांचा कयास आहे. शिवाय एकट्या विषाणूने एवढा संहार केला नव्हता, हे पुढे उघड झालं. आधीच्या वर्षी दुष्काळ होता. रेडे खंगले होते, त्यांच्या अंगावर गोचिड्या बेसुमार झाल्या होत्या. ते रेडे खाणाऱ्या सिंहांच्या रक्तात गोचिडीतून येणारा बॅबेसिया हा परजीवी बोकाळला आणि डिस्टेंपरने त्यांची प्रतिकारशक्तीच काढून घेतली. त्याआधी हाच विषाणू सिंहांमध्ये येऊन गुपचूप निघूनही गेला होता. विषाणू आणि बॅबेसिया एकत्र आले तेव्हा सिंहांचे कळपच्या कळप गेले.

हे सगळं दूरदेशीचं म्हणून सोडून देता आलं असतं, पण 2018 च्या सप्टेंबरात गीरच्या दलखाणिया भागात सिंह मरू लागले. आकडा 23 वर गेला. नमुने तपासायला आले ते आपल्या पुण्यात, राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत. तिथेही डिस्टेंपरच निघाला. मग अमेरिकेहून लस मागवून सिंहांना टोचली गेली. आशियाई सिंह रानात उरलेत ते फक्त गुजरातेत, म्हणजे सगळी पुंजी एकाच गाठोड्यात.

आमच्या पूर्णेत सिंह नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. पण जुन्या आग्रा रोडवर मेट्रोच्या खांबांखालून कशेळीकडे निघालं की एका अंगाला खाडी लागते. ठाणे-मुंबईच्या खाड्यांतल्या कांदळवनात सोनेरी कोल्हा आजही आहे. खेकडे, मासे, उंदीर आणि आपण टाकलेलं खरकटं यांवर तो जगतो. वर तुंगारेश्वरच्या डोंगरात बिबट्या आहे, आफ्रिकेच्या गवताळ रानात फिरतो तोच प्राणी. पलीकडच्या संजय गांधी उद्यानाच्या कडेला तर बिबट्याच्या जेवणात भटका कुत्रा नेहमीचाच. म्हणजे इथे रोगाला तरसासारखा मध्यस्थही लागत नाही. 2024 मध्ये चेंबूर भागातल्या कोल्ह्यात रेबीज सापडला, तेव्हा बातम्या झाल्या त्या ‘कोल्ह्यांची दहशत’ अशा. त्या कोल्ह्याला रेबीज बहुधा कुणाकडून आला असेल, हे विचारायला फारसं कुणी थांबलं नाही. पुण्याजवळच्या माळांवर प्रकरण आणखी पुढे गेलंय. तिथे लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं 2023 मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं.

भटक्या कुत्र्यांवरचा आपला वाद मात्र ‘उचला’ आणि ‘हात लावू नका’ एवढ्यातच फिरतो. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांच्या निमित्ताने तो टीव्हीवर रोज रंगला. त्यात कोल्ह्याचा वकील कुणीच नव्हता. 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार कुत्रा धरायचा, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि जिथून आणला तिथे सोडायचा. जबाबदारी स्थानिक संस्थेची, त्यात ग्रामपंचायतीही आल्या. माणसाच्या दृष्टीने हे ठीक आहे. पण सक्ती आहे ती फक्त रेबीजच्या लशीची. सिंह मारणाऱ्या डिस्टेंपरला त्यात जागाच नाही, कारण तो माणसाला होत नाही.

माझं म्हणणं एवढंच की, खाडी, डोंगर आणि माळ यांना चिकटून असलेल्या गावांत कुत्र्यांना दोन्ही लसी द्या. सेरेंगेटीभोवतीच्या गावांत 1994 नंतर हेच केलं गेलं. त्याने विषाणू संपला नाही, हेही सांगितलं पाहिजे. 2015 च्या एका अभ्यासात दिसलं की लसीकरणानंतरही तो सिंहांपर्यंत पोचत राहिला. इतर रानटी प्राण्यांत तो फिरत असावा. पण गावातल्या कुत्र्यांमधली लागण आणि साथींचा आकार कमी झाला. माझ्या मते एवढा फायदा पुरेसा आहे.

अडचण अशी की डिस्टेंपरच्या लशीचे डोस पिल्लांना अंतराअंतराने द्यावे लागतात आणि एकदा पकडलेला भटका कुत्रा दुसऱ्यांदा हाती लागत नाही. शहरात हे खरंच अवघड आहे. भिवंडीच्या गोदामपट्ट्यात तेवढं नाही. इथला कुत्रा नावालाच भटका. प्रत्येक कंपाउंडच्या गेटवर दोन-चार ठरलेले असतात. वॉचमन त्यांना नावाने हाका मारतो, डब्यातली चपाती घालतो, अनोळखी टेम्पो आला की तेच आधी भुंकतात. त्या वॉचमनच्या हातून महिन्याने पुन्हा इंजेक्शन द्यायला जाळं लागत नाही, बिस्किटाचा पुडा पुरतो.

राहता राहिला पैसा. पंचायतीकडे बोट दाखवण्याआधी गाळेमालकांनी आपलं सिक्युरिटीचं बिल काढून बघावं. सीसीटीव्ही आहे, एजन्सी आहे, दोन पाळ्यांचे पगार आहेत. कोट्यवधींच्या मालावर रात्रभर फुकट पहारा देणाऱ्या त्या चार कुत्र्यांच्या नावाने मात्र एक रुपयाही नाही. लशीचा खर्च त्याच बिलात घालावा, आणि कुठल्या कंपाउंडने घातला याची यादी वनखात्याच्या कांदळवन कक्षाने दरवर्षी मागून घ्यावी.

— खाडीकर