फुकटची बॅटरी

कुठल्याही आयटीवाल्याच्या घरातला सगळ्यात खालचा ड्रॉवर उघडून बघा. त्यात चार-पाच लॅनयार्ड, एक स्ट्रेस बॉल, बंद पडलेला ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि किमान एक टॉर्च सापडणारच. टॉर्चवर कंपनीचा लोगो, निम्मा पुसलेला. आमच्या घरात अशा एकूण सहा जमल्या. एक स्टोरेज विकणाऱ्यांनी सेमिनारमध्ये दिलेली, दोन हापिसातल्या ॲन्युअल डेच्या, एक होम लोनच्या माहितीपत्रकाबरोबर आलेली, एक आईला चहाच्या मोठ्या पुड्यावर मिळालेली आणि सहावी कुठून आली ते घरात कुणालाच माहीत नाही.

माझं म्हणणं असं की, कंपन्या जे काही फुकट वाटतात त्यात टॉर्च ही एकच वस्तू आहे जिच्यामुळे एखाद्याचा जीव वाचू शकतो. मगने कुणाचा जीव वाचल्याचं ऐकिवात नाही. आणि तरी आपण तिला स्ट्रेस बॉलच्या शेजारी नेऊन ठेवतो. देणाऱ्याच्या लेखी ती लोगो छापायची जागा, घेणाऱ्याच्या लेखी 'फुकट आहे ना, मग घ्या'.

आता तुम्ही म्हणाल, मोबाइलमध्ये टॉर्च असताना हे कशाला? हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की त्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. वीज जाऊन दहा मिनिटांत येणार असेल तर मोबाइल पुरतो, वाद नाही. पण ती दहा मिनिटांत येणार नसेल तर मोबाइलची बॅटरी ही उजेडासाठी जाळायची गोष्टच नाही. तेव्हा फोन फोन म्हणून हवा असतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मी शाळेत होतो आणि मुंबईत नव्हतो. पण त्या रात्री कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी आलेल्या लोकांकडून जे ऐकलंय त्यात दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. फोन लागत नव्हता आणि पायाखालचं दिसत नव्हतं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई आणि आसपासची वीज एकदम गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, काही भागांत वीज यायला संध्याकाळ उलटून गेली. दिवसाउजेडी झालं म्हणून निभावलं. पण उंच इमारतींचे आतले जिने भर दुपारीही काळोखे असतात, हे तिथे राहणाऱ्यांना विचारा.

माझी आत्या दापोली तालुक्यात राहते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि दापोली-मंडणगड भागात विजेचे खांब काडेपेटीतल्या काड्यांसारखे पडले. कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. मोबाइलचे टॉवर आडवे, आणि जिथे रेंज होती तिथे चार्जिंग नाही. फोन चार्ज करायला माणसं जनरेटरवाल्याकडे जात होती. अशा वेळी शंभर टक्के चार्ज करून आणलेल्या फोनचा टॉर्च लावून संडासाला जाणारा माणूस मला तरी शहाणा वाटत नाही. तिच्याकडे दोन 'बॅटऱ्या' होत्या. (कोकणात आणि खरं तर महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी टॉर्चला बॅटरीच म्हणतात, आणि आत घालतात ते सेल. 'विजेरी' हा शब्द मी फक्त शाळेच्या पुस्तकात बघितला.) त्यातली एक मी दिलेली, स्टोरेजवाल्यांची. तिचा प्रॉडक्शनमधला परफॉर्मन्स कसा होता ते पुढे सांगतो.

तर फुकटची टॉर्च चालते कशावर? थोडं इंजिनिअरिंग सहन करा. पांढरा एलईडी हा मुळात निळा एलईडी असतो, त्यावर पिवळट फॉस्फरचा लेप देतात आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. प्रखर निळा एलईडी बनवणं फार अवघड होतं. ते ज्यांनी जमवलं त्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या ड्रॉवरमध्ये नोबेलवालं तंत्रज्ञान पडलंय, एवढंच सांगायचं होतं. पण या निळ्या एलईडीला पेटायला साधारण ३ व्होल्ट लागतात आणि एक साधा सेल देतो दीड. म्हणून स्वस्त टॉर्चमध्ये तीन बारके ट्रिपल ए सेल एका प्लास्टिकच्या पिंजऱ्यात घालतात, साडेचार व्होल्ट झाले की काम भागलं. करंट आवरायला एखादा रेझिस्टर असला तर असला. एका सेलवर चालणाऱ्या टॉर्चमध्ये व्होल्टेज वाढवणारं छोटंसं सर्किट घालावं लागतं, त्याला पैसे पडतात, म्हणून ती फुकट सहसा मिळत नाही.

खरी गोम मात्र सेलमध्ये आहे. ट्रिपल ए अल्कलाइन सेलमध्ये साधारण १००० एमएएच भरतं, तर डबल ए, म्हणजे आपल्या पेन्सिल सेलमध्ये २५०० च्या आसपास. शिवाय ट्रिपल ए हा घरातल्या रिमोटचाही सेल असल्यामुळे मॅच ऐन रंगात असताना टॉर्चमधून दोन सेल गुपचूप गायब होतात आणि ते परत येत नाहीत. दुसरं म्हणजे, टॉर्चबरोबर आलेले फुकटचे सेल आतच ठेवले की वर्षभरात गळतात. अल्कलाइन सेल गळला की आत पांढरी पूड जमते. हाताने खरवडू नका, लिंबाच्या रसात बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसून कोरडं करा, बऱ्याचदा टॉर्च पुन्हा चालू होते. पण मुळात सेल बाहेर काढून टॉर्चलाच रबरबँडने बांधून ठेवले तर ही वेळच येत नाही. अंधारात तीन सेल घालायला कटकट वाटत असेल तर एकच सेल उलटा घालून ठेवा. व्होल्टेज पुरत नाही म्हणून एलईडी पेटत नाही आणि सेल घरातच राहतो.

प्लगमध्ये खुपसून चार्ज करायच्या ज्या जाड प्लास्टिकच्या टॉर्च येतात, त्यातल्या पुष्कळांमध्ये लेड-ॲसिडची बॅटरी असते. ती सहा-आठ महिने चार्ज न करता ठेवली की कायमची झोपते. आपल्या क्षेत्रात म्हणतात ना, ज्या बॅकअपमधून एकदाही रिस्टोअर करून बघितलं नाही तो बॅकअपच नाही. टॉर्चला तो नियम जसाच्या तसा लागू आहे. मी महिन्यातून एकदा, गॅसचा नंबर लावतो त्या दिवशी, घरातल्या सगळ्या लावून बघतो. बायको हसते. हसू दे.

आणि किचेनला लावायची ती बारकी टॉर्च, बटन सेलवाली. ती आपण सर्रास लहान मुलांच्या हातात देतो, खेळायला. कृपा करून देऊ नका. नाण्याएवढा लिथियम सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आत भाजल्यासारखी जखम होऊ शकते. सेलवरचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ती टॉर्च घरात लहान मूल असेपर्यंत वर फळीवर.

असो. रोजच्या वापराचं काय? खूप आहे, पण भराभर सांगतो, कारण एकदा टॉर्च हाताशी आली की हे सुचतंच. राउटरच्या मागचं पोर्ट. स्कूटरच्या डिकीचा तळ. कुकरची शिट्टी ओट्यामागे पडली की. लॅपटॉपचा मिलिमीटरभर स्क्रू किंवा कानातल्याची फिरकी हरवली तर टॉर्च फरशीवर आडवी ठेवून गोल फिरवा. उजेड जमिनीला लागून गेला की बारीकशा वस्तूचीही लांब सावली पडते आणि ती लगेच दिसते. वीज गेल्यावर टॉर्च समोर धरण्यापेक्षा स्टीलच्या पेल्यात उभी करून पांढऱ्या छताकडे तोंड करा, सगळी खोली उजळते. किंवा तिच्यावर पाण्याने भरलेली पारदर्शक बाटली ठेवा. पाण्यात दोन थेंब दूध टाकलं तर उजेड आणखी छान पसरतो. मेणबत्तीपेक्षा हे केव्हाही बरं. मेणबत्ती पडदा पेटवते, टॉर्च पेटवत नाही.

मेणबत्तीवरून आठवलं. गॅसचा वास येत असेल तर काडी ओढायची नाही हे सगळ्यांना पाठ आहे. पण दिव्याचं बटण लावायचंही नाही आणि चालू असलेला दिवा बंदही करायचा नाही, कारण दोन्हींत ठिणगी पडू शकते. टॉर्चच्या बटणालाही तेच लागू. साधी टॉर्च गॅस भरलेल्या खोलीसाठी बनवलेली नसते. लावायचीच असेल तर घराबाहेर, जिन्यात लावा. अंधारातही जमत असेल तर रेग्युलेटर बंद, खिडक्या-दारं उघडी, सगळे बाहेर आणि १९०६ ला फोन, तोही बाहेर येऊन.

सह्याद्रीत रात्री चढणाऱ्यांसाठी एकच सांगतो. रस्ता चुकला किंवा कुणी पडलं तर मदतीसाठी जगभर चालणारी खूण आहे, एका मिनिटात सहा वेळा उजेड, मग एक मिनिट थांबा, पुन्हा सहा वेळा. ज्याला दिसलं तो मिनिटाला तीन वेळा दाखवून उत्तर देतो. कळसूबाईला दर वीकेंडला शे-दोनशे जण मोबाइलचे टॉर्च हलवत चढतात, त्यातल्या कितींना हे माहीत आहे कुणास ठाऊक.

पण ही सगळी झाली आपली, इन्व्हर्टरवाल्यांची गरज. मला खरं बोलायचंय ते दुसऱ्यांबद्दल. २०२० मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात साप चावून सुमारे १२ लाख माणसं गेली. वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक सगळी खेड्यातली, शेतावर राबणारी. मण्यार रात्रीच फिरतो, फुरसं तर दगडाच्या रंगात मिसळून जातं, आणि पावसाळ्यात अंधारातून अनवाणी गोठ्यात जाणाऱ्या माणसाचा पाय नेमका त्यावर पडतो. यावरचे उपाय म्हणून जी यादी नेहमी सांगितली जाते ती अगदी साधी आहे. पायात काहीतरी घाला, जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी नीट खोचा आणि रात्री बाहेर पडताना हातात उजेड घ्या. प्रतिसर्पविष तालुक्याच्या गावाला पोचल्यावर. हातातला उजेड त्याच्या आधी.

आणि तो उजेड आपल्याकडे लोगो लावून ड्रॉवरमध्ये पडलाय!

म्हणून आमच्या सहांपैकी घरात आता दोनच आहेत, एक मीटरच्या पेटीशेजारी खिळ्याला टांगलेली आणि एक आईच्या उशाशी. एक आमच्या सोसायटीच्या वॉचमन काकांकडे आहे. त्यांना रात्री पंपाजवळ जावं लागतं आणि तिथला बल्ब महिन्यातले पंधरा दिवस गेलेला असतो. एक आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना दिली. त्यांच्या वस्तीत रात्री संडासला जायची वाट नाल्याकडेने आहे. "दादा, हिच्यावर कंपनीचं नाव आहे, तुम्हाला परत द्यायची नाही ना?" असं त्यांनी दोनदा विचारून घेतलं. पाचवी आतोबांकडे दापोलीला. सहावीत सेल गळून स्प्रिंगच खाल्ली गेली होती, ती ई-कचऱ्यात गेली.

देताना नव्या सेलांचा एक जोड बरोबर द्या, हे महत्त्वाचं. बिनसेलाची टॉर्च देणं म्हणजे आपल्या ड्रॉवरमधला कचरा दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये ढकलणं.

आता आत्याचा फीडबॅक. वादळानंतर जेव्हा फोन लागला तेव्हा तिने आधी सगळे ठीक असल्याचं सांगितलं, कलमं किती पडली ते सांगितलं आणि मग म्हणाली, "तू दिलेली बॅटरी चालली हो. पण बटण फारच बारीक रे. अंधारात तुझ्या आतोबांच्या अंगठ्याला सापडतच नाही. आणि मेली अशी गुळगुळीत, की ओल्या हातातून सटकते." माझ्या मते टॉर्चचा याहून चांगला रिव्ह्यू कुणी लिहू शकणार नाही. ज्याने ती डिझाइन केली त्याने ती एसी शोरूममध्ये कोरड्या हाताने, उजेडात लावून बघितली असणार. वापरणारा माणूस साठीतला, हात ओला, चष्मा घरात राहिलेला.

वाटणाऱ्या कंपन्यांकडून म्हणून माझ्या अपेक्षा फार नाहीत. नऊ एलईडींऐवजी एकच चांगला द्या. पेन्सिल सेल द्या, जो गावातल्या कुठल्याही टपरीवर मिळतो. बटण मोठं करा, मागे दोरी अडकवायला भोक ठेवा आणि रंग पिवळा किंवा नारिंगी द्या. काळी टॉर्च अंधारात शोधायला दुसरी टॉर्च लागते.

पुढच्या महिन्यात आमच्याकडे ॲन्युअल डे आहे आणि यंदाही टॉर्चच वाटायच्या ठरल्यात, म्हणून हे सगळं मी ॲडमिनच्या माणसाला मेल करून कळवलं. तो भला माणूस आहे, त्याने व्हेंडरकडून दोन सॅम्पल मागवले. पेन्सिल सेलवाली पिवळी टॉर्च नगामागे चाळीस रुपयांनी महाग पडतेय, त्याचं काही नाही म्हणाला, बजेटमध्ये बसवू. अडचण वेगळीच आहे. तिला पकडीसाठी खाचा असल्यामुळे लोगोला जागा कमी पडते. ब्रँडिंगवाल्यांचं उत्तर सोमवारी येणार आहे.