बसलं म्हणजे जमलं का?

मित्रहो, उदगीरची डिसेंबरातली थंडी ज्यांनी हॉस्टेलवर काढली आहे, त्यांना सकाळी सहा वाजता गरम पाण्याची बादली म्हणजे काय चीज असते हे सांगायला नको. माझ्या रूम पार्टनरने नवा रॉड आणला, १५०० वॅटचा. त्याचा जाड पिनांचा १६ अँपिअरचा प्लग काही रूममधल्या ६ अँपिअरच्या सॉकेटात जाईना. मग काय, साहेबांनी प्लगच कापून टाकला, वायरी सोलल्या आणि काडेपेटीच्या काड्या ठोकून सॉकेटात बसवल्या. वर आम्हालाच म्हणतो, "बसलंय की! आता काय?" चौथ्या दिवशी सॉकेट काळं पडलं, जळका वास सुटला आणि अख्ख्या मजल्याची लाईट गेली.

वासाने वर आले ते गेटवरचे वॉचमन काका. फौजेतून रिटायर झालेले. आम्हाला वाटलं, आता रेक्टर सरांकडे वरात निघणार. पण काका सॉकेटकडे बघून एवढंच म्हणाले, "पोरा, बसलं म्हणजे जमलं असं नसतं. बंदुकीच्या गोळीचंबी असंच हाय. बसती म्हणून लोक घालतेत, अन् हात गमावतेत."

काका खाली गेले, पण आमच्या डोक्यात किडा सोडून गेले. गोळी म्हणजे गोळी, त्यात एवढं काय? सिनेमात तर हिरो कुणाच्याही खिशातली गोळी काढून आपल्या रिव्हॉल्व्हरात भरतो! मग काकांना विचारत गेलो, पुस्तकं चाळत गेलो आणि लक्षात आलं, की हा तर आपल्याच सिलॅबसमधला धडा आहे.

आधी रचना बघू. रिव्हॉल्व्हरात फिरणारं सिलिंडर असतं आणि त्यात पाच-सहा घरं, म्हणजे चेंबर. काडतूस म्हणजे पितळी केस. तिच्या बुडाशी प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी बुलेट. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला बुडाशी सहसा एक कडा असते. ती घराच्या तोंडाशी अडकते, म्हणून काडतूस आत घसरत नाही. तेव्हा केसची लांबी, केसचा व्यास, कडेचं माप आणि दारू पेटल्यावर तयार होणारा दाब, असं सगळं जुळावं लागतं. आणि नाव काय सांगतं? '.३२ बोअर'. म्हणजे इंचातलं एकच माप, तेही ढोबळ!

आपल्याकडचं उदाहरण घ्या. परवानाधारकांकडे .३२ चं रिव्हॉल्व्हर असतं आणि .३२ चं पिस्तूलही असतं. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहे. काडतुसाच्या बुडावर 'के एफ' ही अक्षरं दिसली, की ते खडकीचं समजायचं. आता रिव्हॉल्व्हरचं .३२ म्हणजे 'स्मिथ अँड वेसन लाँग'. त्याची केस सुमारे २३ मिलिमीटर लांब, कडा ठळक. पिस्तुलाचं .३२ म्हणजे 'एसीपी'. त्याची केस सुमारे १७ मिलिमीटर, कडा नावापुरती. दोन्ही बत्तीसच! केसची जाडी जवळपास सारखी असल्यामुळे पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या घरात बरेचदा सरकन बसतंही. पण दाबाची अमेरिकन प्रमाण-मर्यादा बघा: रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला १५,००० पीएसआय, पिस्तुलाच्या काडतुसाला २०,५००. आकाराने लहान तो ताकदीने कमी, हा आपला समज इथे साफ उलटा पडतो.

.३८ ची गंमत तर याहून भारी. पोलिसांच्या जुन्या वेब्ली रिव्हॉल्व्हरचं ब्रिटिश .३८० काडतूस म्हणजे मुळात '.३८ स्मिथ अँड वेसन'. ते बुटकं आणि जाड. '.३८ स्पेशल' हे लांब आणि किंचित बारीक. केसच्या व्यासातला फरक किती? जेमतेम ०.२ मिलिमीटर! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ब्रिटिश मापाची हजारो रिव्हॉल्व्हर बनवून दिली. युद्धानंतर त्यातली बरीच बाजारात आली आणि व्यापाऱ्यांनी त्यांची घरं आतून लांब कोरून ती '.३८ स्पेशल' म्हणून विकली. लांबी जुळली, पण रुंदी? ती जुन्या जाड काडतुसाचीच राहिली. त्यामुळे गोळी उडाली, की ढिल्या घरात पितळी केस फुगायची, कधी उभी चिरायची. अशा चिरीतून तापलेला गॅस मागे, गोळी चालवणाऱ्याकडे येऊ शकतो. म्हणजे काड्या ठोकून प्लग बसवणारे फक्त आपल्याच हॉस्टेलात नाहीत!

आता चांगलं उदाहरण. १९३५ साली '.३५७ मॅग्नम' आलं. जाडी .३८ स्पेशलएवढीच, पण दाबाची मर्यादा दुपटीहून जास्त: १७,००० च्या जागी ३५,००० पीएसआय. हे चुकून जुन्या रिव्हॉल्व्हरात गेलं तर काय होईल? म्हणून बनवणाऱ्यांनी केसच सुमारे साडेतीन मिलिमीटरने लांब केली. चांगल्या स्थितीतल्या .३८ स्पेशलच्या घरात ती पूर्ण बसतच नाही, मग सिलिंडर बंद होणार कसं? उलट .३५७ च्या रिव्हॉल्व्हरात .३८ स्पेशल खुशाल चालतं. कमी ताकदीचं जास्त ताकदीच्या घरात चालेल, उलट नाही.

आठवलं काही? १६ अँपिअरच्या प्लगच्या पिना जाड का असतात? याचसाठी! तो ६ च्या सॉकेटात जाऊच नये म्हणून. १५०० भागिले २३० केलं, तर साडेसहा अँपिअर येतात. म्हणजे प्लग आडमुठेपणा करत नव्हता, तो पार्टनरला 'नको' म्हणत होता. आणि आपण पहिलं काम काय केलं? त्या 'नको' म्हणणाऱ्याचंच डोकं उडवलं.

कायद्यालाही हे कळलेलं आहे. आपल्या शस्त्र नियमांच्या परिशिष्टात प्रतिबंधित हत्यारं सांगताना नुसतं बोअरचं नाव लिहून सोडलेलं नाही. .३८० किंवा .४५५ ची कडेवाली काडतुसं ज्यात बसतील आणि उडतील, असं 'कोणत्याही बोअरचं' पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर त्यात धरलं आहे. नावावर जाऊ नका, आत काय बसून काय उडतं ते बघा, हेच तिथे म्हटलं आहे.

कुणी म्हणेल, कॉलेजच्या अंकात गोळ्या-बंदुका कशाला? आपल्यापैकी किती जण आयुष्यात रिव्हॉल्व्हर हातात धरणार? बरोबर आहे. पण नट-बोल्ट, फ्यूज, गॅसचा रेग्युलेटर, चार्जर रोज हातात धरणार. 'लिमिट्स, फिट्स अँड टॉलरन्सेस' हा विषय आपण पाच मार्कांची शॉर्ट नोट म्हणून पाठ करतो आणि पेपर झाला की विसरतो. ०.२ मिलिमीटर म्हणजे 'चालतंय की' असं म्हणणारा इंजिनिअर उद्या कुठल्या पुलावर, कुठल्या बॉयलरवर सही करेल, याची मला खरंच भीती वाटते.

म्हणून माझं म्हणणं दोघांनाही आहे. सरांना विनंती, की प्रत्येक मजल्यावर वेगळ्या वायरिंगचा एक तरी १६ चा पॉइंट द्या. गरज असली, की पोरं जुगाड करणारच. नुसत्या नोटिशीने ते थांबत नाही. आणि मित्रहो, आपल्याला सांगणं, की एखादी वस्तू बसत नसेल, तर ठोकण्याआधी एकदा विचारा, ती का बसत नाही. कुणीतरी खूप विचार करून ती तशी बनवलेली असू शकते.

आमच्या रूमचं सॉकेट अजून काळंच आहे. पार्टनर आता बादली घेऊन मेसच्या चुलीसमोर रांगेत उभा राहतो. काका गेटवरून बघतात आणि हसतात. बघा, पटतंय का!