जुन्या गाडीत नळाचं पाणी ओतत राहू नका

बंगळुरूच्या बसवनगुडीत, कृष्णराव पार्कच्या आसपास किंवा एन. आर. कॉलनीच्या आतल्या रस्त्यांवर, जुन्या मारुती ८००, झेन, सँट्रो अजून झाडाखाली उभ्या दिसतात. मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, म्हणजे त्यातली सगळ्यात नवी गाडीही आता जुनी झाली. या गाड्या भंगारात घालायची घाई करू नका. १५ वर्षं झाल्यावर आरटीओत तपासणी करून नोंदणी ५ वर्षांसाठी वाढवून मिळते, कर्नाटकात हरित कर भरावा लागतो, पण दिल्लीसारखी वयाची बंदी इथे नाही. मात्र गाडी ठेवायची असेल तर तिच्या रेडिएटरकडे आजच लक्ष द्या.

आपल्याकडे एक सवय घट्ट रुजली आहे. पाणी कमी झालं की नळाखाली बाटली धरायची आणि ओतायचं. नळाच्या, त्यातही बोअरच्या, पाण्यात क्षार असतात. ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात, आणि साध्या पाण्यात गंज रोखणारं काहीच नसल्यामुळे धातू आतून खराब होत जातो. शिवाय पाणी कमी होतंय याचा अर्थ ते कुठून तरी जातंय. ती जागा न शोधता बाटली रिकामी करत राहणं म्हणजे दुखणं दाबून ठेवणं.

बंगळुरूची थंड हवा इथे फसवते. हे शहर सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे उघड्या भांड्यातलं पाणी इथे ९७ अंशांच्या आसपासच उकळतं. रेडिएटरचं झाकण आत दाब धरून ठेवतं म्हणून इंजिनातलं पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. त्या झाकणाचं रबर कडक झालं की दाब राहत नाही आणि बाकी सगळं ठणठणीत असूनही पाणी उसळून बाहेर येतं. झाकण हा सगळ्यात स्वस्त भाग, आणि सगळ्यात शेवटी आठवणारा.

तापमानाचा काटा कधी चढतो ते नीट पाहा. साउथ एंड सर्कलच्या गर्दीत चढून मोकळ्या रस्त्यावर उतरत असेल, तर आधी पंखा, त्याचा स्विच आणि जाळीत अडकलेला कचरा तपासा. आपल्या भागात पानगळ भरपूर, ती एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये जाऊन बसते. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, हलक्या दाबाच्या पाण्याने ती काढा. जोराच्या फवाऱ्याने पत्र्याच्या पात्या वाकतात. उलट, गाडी हायवेवर वेगात असताना किंवा चढावर काटा चढत असेल, तर बहुतेक वेळा रेडिएटर आतून तुंबलेला असतो, थर्मोस्टॅट अडकलेला असतो किंवा वॉटर पंप थकलेला असतो. मे महिन्यात गावी निघालेल्या गाड्यांचं हेच होतं. शहरात वर्षभर निभावलेली गाडी चित्रदुर्ग, हुबळीच्या उन्हात तापते आणि निपाणीजवळच्या तवंदी घाटात, सामान आणि माणसं भरलेली असताना, वाफ सोडते.

अशा वेळी एसी बंद करा, गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण कुणीही, कितीही घाई असली तरी, उघडू नये. आतलं पाणी उसळून तोंडावर येतं. तशीच दामटलेली गाडी मात्र हेड वाकवते, गॅस्केट उडवते. मग ऑइल दुधाळ होतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो आणि खर्च नव्या रेडिएटरच्या कितीतरी पट होतो.

रेडिएटर बदलायचा की दुरुस्त करायचा? पद्मिनी किंवा अँबॅसिडरचा तांबं-पितळेचा असेल तर तो फेकू नका. चांगला कारागीर टाकी उघडून नळ्या साफ करतो, डाग देतो, गरज पडल्यास आतला गाभा बदलतो. पण ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकची टाकी असेल, आणि प्लॅस्टिकला तडा गेला असेल, तर एम-सीलवर भरवसा ठेवू नका. नवाच घाला. मिनर्व्हा सर्कलच्या पुढे जे. सी. रोडवर सुट्या भागांची दुकानं आहेत. जुना भाग सोबत नेऊन होजची तोंडं आणि पंखा बसवायच्या जागा जुळवून घ्या. त्याच वेळी वरचा-खालचा होज, क्लिपा, थर्मोस्टॅट आणि झाकणही नवं टाका. मजुरी एकदाच पडते.

कूलंट गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या प्रकारचंच घ्या. सांद्र असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये साधारण निम्मं-निम्मं करा, दोन प्रकार एकत्र करू नका. भरताना इंजिन थंड हवं. झाकण उघडं ठेवून, हीटर पूर्ण गरमवर करून इंजिन चालू करा, थर्मोस्टॅट उघडून बुडबुडे थांबेपर्यंत मेकॅनिकला उठू देऊ नका. आत हवा राहिली तर नवा रेडिएटरही गाडी तापवेल. काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात सोडू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, गल्लीतली कुत्री ते चाटतात.

बाकीचं थोडक्यात. गाडी कमी चालली तरी ऑइल आणि फिल्टर वर्षातून एकदा बदला. टाइमिंग बेल्ट कधी बदलला हे माहीत नसेल तर बदलूनच टाका, तो तुटला की अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास तरी बाहेर काढा, गांधी बाजारपर्यंतची फेरी पुरत नाही.

उद्या सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडा आणि झाकण काढून आत पाहा. पाणी गंजासारखं तांबूस दिसलं, तर गावी जायची तारीख ठरवण्याआधी गॅरेजची तारीख ठरवा.