आश्विनातील शिवारफेरी

भातखाचरांतील बेणणी आटोपली आहे, हळवे भात पिवळे पडू लागले आहे आणि गरव्या भाताच्या कापणीस अजून अवकाश आहे, असा आश्विनाचा काळ कोकणातील शेतकऱ्यास थोडी सवड देतो. या सवडीत घराजवळची झाडे, पाखरे व कीटक डोळसपणे पाहावेत असे सुचविले, की ‘पाने-फुले पाहत हिंडणे हे रिकाम्या माणसाचे काम’ असे उत्तर बहुधा मिळते. हे उत्तर कितपत बरोबर आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

नवी मुंबईचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. 1970 साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी योजल्या गेल्या. भातखाचरे व मिठागरे यांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या. जमीन एकदाच गेली. तिच्यासंबंधीचे ज्ञान मात्र पुढे वर्षानुवर्षे ओसरत राहिले. ज्या घरातील आजोबांना बांधावरील प्रत्येक रोप नावाने ठाऊक होते, त्याच घरातील नातवाला आज ते केवळ ‘गवत’ वाटते. ज्याचे नाव माहीत नाही, ते नाहीसे झाले तरी कोणाच्या ध्यानात येत नाही. खरी हानी ही होय.

वस्तुतः पाहण्यासारखे अजून पुष्कळ उरले आहे. पाठीशी पारसिक व खारघरचे डोंगर आहेत. पाऊस ओसरताना त्यांच्या उतारांवर तेरडा, कवला आणि कुर्डू फुलतात. झुडपांवर चढलेली कळलावी लाल-पिवळ्या फुलांनी लक्ष वेधते. समोर ठाण्याची खाडी आहे. तिला 2015 साली रोहित पक्ष्यांच्या अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि 2022 साली रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत तिचा समावेश झाला. रोहित पक्षी थंडीच्या दिवसांत गर्दी करतात. परंतु चिखलात चोच खुपसणारे लहान पाणपक्षी त्यापूर्वीच उत्तरेकडून येऊन पोहोचतात. शेपटी हलवीत फिरणारा धोबी पक्षीही याच सुमारास दिसू लागतो.

शेतकऱ्याच्या दृष्टीने तर हे निरीक्षण पिकाच्या राखणीचेच अंग आहे. पनवेल व उरणकडील भातात दाणा दुधात असताना लोंबीवरील ढेकण्या रस शोषतो. पीक तयार होताना लष्करी अळी दिवसा चुडांच्या बुडाशी लपते व रात्री लोंब्या कुरतडते. जो बांधावरून नुसता चालत जातो, त्यास हे नुकसान झाल्यावर कळते. जो वाकून पाहतो, त्यास आधी कळते. त्याच खाचरात चतुर उडते किडे पकडतात, कोळी तुडतुडे टिपतात आणि साळुंक्या व बगळे अळ्या वेचतात. मित्र कोण व शत्रू कोण, हे न ओळखता औषध फवारणे म्हणजे स्वतःच्या राखणदारासही हाकलून देणे होय. खारबांधापुढील तिवरांचेही तसेच आहे. लाटांचा जोर ती आपल्या अंगावर घेतात, म्हणून बांध टिकतो आणि आतील भातजमीन खाऱ्या पाण्यापासून वाचते.

जवळचे पाहणे कमी मोलाचे नसते, याचा दाखला दूर शोधावयास नको. अलिबाग तालुक्यातील किहीम येथे 1930 च्या पावसाळ्यात डॉ. सालिम अली यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीवर चिकाटीने नजर ठेवली. नर अर्धवट घरटे विणतो, मादी ते पाहून पसंत करते, मग नर ते पुरे करतो व पुढे दुसरे घरटे दुसऱ्या मादीसाठी विणू लागतो, हा क्रम त्यांनी उलगडून दाखविला. पाखरू शेतकऱ्यांच्या रोजच्या ओळखीचे होते. फक्त त्याच्याकडे तितका वेळ कोणी पाहिले नव्हते.

म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आश्विन-कार्तिकात शाळेतील मुले व गावातील वडीलधारी मंडळी यांची एकत्र शिवारफेरी काढावी. डॉ. सालिम अली व मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसांना जोडून राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. तोही त्यास सोयीचा आहे. एक साधी वही ठेवावी. तीत तारीख, जागा, पिकाची अवस्था, दिसलेले रोप वा पाखरू आणि त्याचे स्थानिक नाव लिहावे. आगरी, कोळी, ठाकूर, कातकरी यांच्या बोलीतील नावे आवर्जून टिपावीत. पायांत पादत्राणे व हाती काठी असावी, कारण वाढलेल्या गवतात फुरसे असते. कळलावी विषारी असल्याने मुलांना तिला हात लावू देऊ नये. खाडीकडे भरती-ओहोटीची वेळ पाहूनच जावे.

अशी वही पाच-सात वर्षे नेमाने चालली, तर कोणते पाखरू उशिरा आले, कोणते रोप दिसेनासे झाले आणि कीड कोणत्या पंधरवड्यात उद्भवली, हे गावाला स्वतःच्याच नोंदींवरून सांगता येईल. यासाठी खर्च नाही, अनुदानाची वाट पाहणेही नाही. नावे सांगू शकणारी वडीलधारी माणसे हयात आहेत तोवर मात्र हे काम हाती घेतले पाहिजे.