खाणीचं गाव बघून आलो, आता वाळूचं बोलू

आज कांद्याच्या पातीवर नाही, नदीवर लिहितोय. येत्या ग्रामसभेत वाळूच्या लिलावाला शिफारस द्यायची का, हा विषय येणारे. बरेच जण म्हणतात, "गावाला चार पैसे मिळतील, रस्ता होईल, देऊन टाकू." त्यांच्यासाठी हे.

मागं आमचा शेतकरी गट वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात काजू बघायला गेला होता. येताना रेडीच्या गणपतीला गेलो. 1976 साली ही मूर्ती तिथल्या लोहखनिजाच्या खाणीत सापडली, आणि लोक तेव्हापासून रेडीला देवासाठी जातात. पण त्याआधीपासून हे गाव खाणीचं. तांबडा दगड फोडायचा, ट्रकनं बंदरावर न्यायचा, बार्जमध्ये भरायचा आणि खोल समुद्रात उभ्या जहाजावर चढवायचा. माल परदेशात. पुढं तिथं कच्च्या लोखंडाचा कारखानाही आला. उषा इस्पातनं उभा केला, बंद पडला. टाटा मेटालिक्सनं घेतला, त्यांनीही काम थांबवलं. दगड गेला तो गेलाच. खड्डा मात्र गावाच्या नावावर राहिला.

आता शेजारचं शिरोडा बघा. 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला ते हेच गाव. तिथं मिठागरं. मीठही निसर्गातूनच काढतात, पण समुद्राचं पाणी दरवर्षी येतं, ऊन दरवर्षी पडतं, मीठ दरवर्षी पिकतं. एकाच किनाऱ्यावर दोन धंदे. एक पीक आहे आणि एक विक्री आहे. आपण शेतकरी, हा फरक आपल्याला कुणी शिकवायला नको.

खाण चालू आहे तोवरच त्रास, असंही नाही. त्याच जिल्ह्यात दोडामार्ग तालुक्यात कळणे गाव आहे. जुलै 2021 च्या पावसात तिथल्या खाणीत साठलेलं पाणी फुटलं आणि चिखल घेऊन शेतात, घरांत घुसलं. पलीकडं गोव्यात सुप्रीम कोर्टानं 2018 साली 88 खाणपट्टे रद्द केले. कर्ज काढून ट्रक घेतलेली माणसं रस्त्यावर आली. हप्ते थोडेच थांबतात?

तुम्ही म्हणाल, ते लोखंड, आपली वाळू. वाळू तर पुरात परत येते. यायची, बापाच्या काळात. आता घोडवर वर डिंभे आणि चिंचणीचं धरण, भीमेवर चासकमान, मुळा-मुठेवर खडकवासल्याची साखळी. वरची वाळू धरणात अडकते. मग खाली नवी येणार कुठनं? म्हणजे आपली नदीसुद्धा आता खाणच झालीय. एकदा उपसली की संपली.

हिशोब मांडतो, चुकला तर कृषी खात्यातल्या मित्रांनी दुरुस्त करावा. एक एकर पात्रातली एक फूट वाळू म्हणजे 435 ब्रास. 2023 च्या सरकारी दरानं, 600 रुपये ब्रास धरून, होतात 2 लाख 61 हजार. एकदाच. त्याच एक फूट थरातून चौथा हिस्सा जरी पाणी मिळालं तर 3 लाख लिटर होतं, आणि ते दर भरणीला परत भरतं. हे पाणी हळूहळू काठच्या विहिरींना पाझरतं. वाळू गेली की खाली उघडा खडक. आवर्तन येतं आणि वाहून जातं.

माझी काठावरची विहीर चाळीस फूट. पूर्वी मे महिन्यात मोटर चालायची. समोरचं पात्र बोटी लावून उपसल्यापासून फेब्रुवारीतच फुटबॉल उघडा पडतो. काठाची दोन गुंठे जमीन ढासळली ती वेगळीच. सातबारावर अजून आहे, रानात नाही.

"मग घरं कशानं बांधायची?" प्रश्न खरा आहे. माझ्याही घराला नदीचीच वाळू लागलीय, मी काही धुतल्या तांदळाचा नाही. पण आता क्रशरची वाळू मिळते, सरकारनं 2025 साली तिचं धोरणही आणलंय. तिच्यासाठीही डोंगर फुटतो, हे कबूल. पण डोंगराचं उत्तर नदीच्या जिवावर नको.

म्हणून ग्रामसभेत हात वर करण्याआधी तीन गोष्टी विचारा. पात्रात आज वाळू किती फूट आहे, कुणी मोजली? किती फूट ठेवणार? काठच्या विहिरी आटल्या तर भरपाई कोण देणार, लेखी? उत्तर मिळालं नाही तर शिफारस देऊ नका. आणि ही उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या, तोंडी नको.

रेडीला निदान देव सापडला. आपल्या पात्रात खाली नुसता खडक आहे.

पटलं तर गावच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर ग्रामसभेला या, तिथं भांडू.