वरातीमागून आलेले घोडे

श्रावणात आम्ही परळीला अक्काकडे गेलो होतो. त्या महिन्यात वैजनाथाच्या पायऱ्यांवर केवढी गर्दी लोटते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगावयास नको. दर्शन घेऊन उतरताना अक्का म्हणाली, "अरे, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्यात. जाता जाता घेऊ."

औषधाच्या दुकानात संगणक होता. गिऱ्हाइकाचे नाव टाकले की त्याची नेहमीची औषधे पडद्यावर दिसत. दुकानदाराने नाव टाकले, मान डोलावली, पाठीमागच्या फळीकडे वळला, पुन्हा पडद्याकडे पाहिले आणि गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून दिली. घरी येऊन अक्काने चष्मा लावला नि म्हणाली, "ही माझी गोळी नव्हे."

खरेच नव्हती. ती मधुमेहाची होती, आणि अक्काला मधुमेह नाही. नसलेली साखर उतरवणारी गोळी पोटात गेली असती तर काय झाले असते, ते आठवून आजही आमच्या अंगावर काटा येतो.

आम्ही दुकानदारावर तोंडसुख घेण्याच्या बेतात होतो. तोच आतल्या खोलीतून चिरंजीव भाचे खाली मान घालून बाहेर आले. "मामा, दुकानदाराला काही बोलू नका. तो प्रोग्रॅम मी लिहिलाय."

मग त्याने आम्हांला सारे समजावून दिले. नोंदी असतात दूरच्या एका संगणकावर. दुकानदार अक्षरे टाकत असतानाच हा प्रोग्रॅम तिकडे मागणी पाठवतो, आणि तीही पाठीमागून, गुपचूप. नाहीतर उत्तर येईपर्यंत पडदा गोठून बसेल. पहिली दोन अक्षरे टाकताच एक मागणी गेली, पूर्ण नाव होताच दुसरी गेली. पूर्ण नावाचे एकच माणूस, म्हणून ते उत्तर झटकन आले. दोन अक्षरांची माणसे पुष्कळ. ती यादी रमतगमत मागाहून आली आणि अक्काचे नाव पुसून पडद्यावर ठाण मांडून बसली. दुकानदाराने वळून पाहिले, तेव्हा वर नाव होते दुसऱ्याच कुणाचे!

"म्हणजे वरातीमागून आलेले घोडे थेट बोहल्यावर चढले म्हणायचे!" आम्ही म्हणालो.

यावर उपाय काय? दुसरी मागणी धाडण्यापूर्वी पहिली रद्द करावयाची. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये 2010 पासून याकरिता 'कॅन्सलेशन टोकन' नावाची सोय आहे. तीत कुणाची मानगूट धरत नाहीत. "काम थांबवा" असा निशाण तेवढा दाखवतात, आणि काम करणाऱ्याने तो पाहून आपणहून थांबावयाचे. जो निशाणाकडे पाहतच नाही, तो चालतच राहतो. खिडकी बंद करतानाही मागे राहिलेल्या मागण्या अशाच आवरून घ्याव्या लागतात. नाहीतर डॉटनेटचा निरोप्या उत्तराची वाट पाहत 100 सेकंद ताटकळतो, आणि उत्तर येते तेव्हा ते घ्यायला घरात कुणी नसते!

शिवाय रद्दचा निरोप पोहोचण्यापूर्वीच उत्तर येऊन ठेपले तर? म्हणून प्रत्येक मागणीला अनुक्रमांक द्यावा आणि शेवटच्या क्रमांकाचे उत्तर तेवढे पडद्यावर घ्यावे.

"आणि पैसे पाठवून मग रद्द केले तर?" आम्ही विचारले.

भाचा गंभीर झाला. "मामा, रद्द म्हणजे आपण ऐकणे थांबवले, एवढेच. तिकडे काम झाले असेल तर ते झालेच. म्हणून पैशाच्या मागणीवर एक खूण घालतात. तीच खूण दुसऱ्यांदा आली तर तिकडच्याने पैसे पुन्हा कापायचे नाहीत."

त्या रात्री चिरंजीव दोन वाजेपर्यंत जागले. सकाळी दुकानात जाऊन त्यांनी दुरुस्ती बसवली, नेट मुद्दाम मंद करून दहा वेळा नावे टाकून पाहिली आणि दुकानदाराची माफीही मागितली.

अक्काला आम्ही म्हणालो, "आता निर्धास्त हो. प्रोग्रॅम दुरुस्त झाला."

अक्का नव्या गोळ्या घेऊन खिडकीपाशी बसली होती. चष्मा पुसत म्हणाली, "झाला ना? उत्तम. पण पाकिटावरचे नाव मी वाचूनच घेणार!"